विद्यापीठाचे संशोधन कोणासाठी?

सन २०२३ च्या डिसेंबरात नागपूर येथे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असता सारथी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न निघाला. जागा दोनशेच का, असे विचारले गेले. त्यावर, ही मुले पीएच.डी. करून कोणते दिवे लावणार आहेत, असा उलट सवाल सत्तेतील एका वजनदार मंत्र्याने सभागृहात केला. पुढे टीका झाली, खुलासे झाले, वर्तमानपत्रांनी दोन दिवस मथळे दिले आणि प्रकरण मिटले, असे सर्वांनी मानले.

आम्ही तसे मानीत नाही. सारथी ही संस्था मराठा व कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी आहे. तेव्हा हा टोमणा आमच्या मुलांना नव्हता असे म्हणून आम्हांस स्वस्थ बसता आले असते. परंतु ज्या तोंडाने आज कुणब्याच्या मुलास दिवे विचारले, त्या तोंडाने काल आमच्या मुलास विचारले होते व उद्या बंजाऱ्याच्या, कोळ्याच्या, परटाच्या मुलास विचारले जाईल. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांपूर्वी अक्षर शिरले, त्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यांचे ज्ञान ते ज्ञान आणि आमचे ज्ञान तो खर्च, अशी ही मांडणी आहे. म्हणून या सवालाचे उत्तर नीट, पुराव्यासह, आणि तेही आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या मातीवर उभे राहून दिले पाहिजे.

यादी मोठी, प्रश्न थोडे

बुलढाणा जिल्हा १९८३ पर्यंत नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होता. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले व पश्चिम विदर्भ त्याच्याकडे आला. आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांचा कारभार संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ पाहते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे तेथे विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखा आहेत. सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित, गृहविज्ञान, समाजशास्त्र, मराठी, विधी, ग्रंथालयशास्त्र अशी विषयांची यादी वाचू लागले की मन दिपून जाते. दीक्षान्त समारंभात पीएच.डी. मिळविणाऱ्यांची नावे वाचताना वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडतो.

विषयांचे हे वैविध्य आम्हांस प्रिय आहे. त्यास आमचा विरोध नाही. एखादा तरुण आकाशातील धूळ मोजतो, दुसरा कपाशीवरील कीड पाहतो, तिसरा महानुभावांच्या पोथ्या वाचतो. हे सर्व चालले पाहिजे, कारण कोणत्या संशोधनाचा उपयोग केव्हा होईल हे आधी कोणासही सांगता येत नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. विषय किती आहेत, एवढ्याने वैविध्य मोजले जाते. ते प्रश्न कोणाच्या जगण्यातून आले, हे कोणी पाहत नाही. शंभर विषयांची नावे असतील, परंतु विचारणारे जर एकाच आळीतील असतील, तर त्या शंभर विषयांत दहाच प्रश्न निघतील.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. जिल्ह्याच्या दक्षिणेस लोणार आहे. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि १९७३ साली अमेरिकन व भारतीय भूशास्त्रज्ञांनी मिळून ते उल्काविवर असल्याचे सिद्ध केले. त्याचे वय एका पद्धतीने बावन्न हजार वर्षे निघते, तर दुसऱ्या पद्धतीने पाच लाख सत्तर हजार वर्षे. हा वाद अद्याप चालू आहे. त्याच्या खाऱ्या पाण्यातील जिवाणूंवर अमरावती विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातही काम झाले आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, नमुने तपासले गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे असे सांगितले. त्याच वर्षी लोणारचा रामसर यादीत समावेश झाला.

एका तळ्याभोवती भूगर्भ, रसायन, जीव, खगोल, पुरातत्त्व अशा साऱ्या विद्या गोळा झाल्या. संशोधनाचे खरे वैविध्य कसे असते, ते लोणारने दाखविले आहे. आम्ही त्याचे कौतुकच करतो. मात्र याच जिल्ह्याच्या उत्तरेस दुसरे खारे पाणी आहे. ते गुलाबी होत नाही. ते माणसे पितात.

पूर्णेकाठचे पाणी

अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांना खारपाणपट्टा पसरला आहे. आमच्याकडील जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील कित्येक गावे त्यात येतात. तेथील विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. ते शेतात दिले की जमीन चिकट व निर्जीव होते. मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे खचत आहेत, घरातील कर्ता पुरुष अंथरुणास खिळला आहे, दर आठवड्यास रक्त शुद्ध करण्यासाठी शहर गाठावे लागते आणि त्यापायी शेत विकावे लागते, अशा हकिकती वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येत आहेत.

या पाण्यावर संशोधन झालेच नाही, असे म्हणणे असत्य होईल. ज्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ रोजी झाली, त्याने खारवट जमिनीचा अभ्यास केला आहे. अमरावतीच्या विद्यार्थ्यांनी पाण्याचे पृथक्करण केले आहे. परंतु व्यवस्था कशी आहे, ते पाहा. जमीन अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे. समाज व रसायन अमरावतीकडे. रोग मात्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, जे १९९८ साली स्थापन झाले. तीन विद्यापीठे, तीन कुलगुरू, तीन नियमावल्या. माणूस एकच आहे, घागर एकच आहे, विहीर एकच आहे. एकच पाणी त्याची जमीन नासवते, त्याचे मूत्रपिंड पोखरते व त्याच्या मुलीचे लग्न अडवते. विद्यापीठात मात्र त्या पाण्याचे तीन तुकडे करून तीन दालनांत ठेवले जातात, आणि एका दालनातील माणूस दुसऱ्या दालनाचा दरवाजा वाजवीत नाही. जातिव्यवस्थेत आणि या विद्याव्यवस्थेत साम्य दिसते ते येथे. प्रत्येकाची पंगत वेगळी!

खारपाणपट्ट्यातील गावात गोड पाण्याचा एखादा झरा किंवा विहीर असली, तर त्यावर पहिला हक्क कोणाचा, टँकर आला तर तो कोणत्या आळीत थांबतो, आणि ज्यांच्यापाशी विकतच्या पाण्याला पैसे नाहीत ते काय पितात, हे प्रश्न कोणत्या दालनात जातील? रसायनशास्त्रज्ञ म्हणेल, हा माझा विषय नाही. समाजशास्त्रज्ञ म्हणेल, क्षार मला कळत नाहीत. १९२७ साली महाडास चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी प्याले, त्यांच्या वंशजांना हा प्रश्न सुचतो. कारण पाणी ही केवळ रासायनिक वस्तू नव्हे, हे त्यांच्या आजाने त्यांना सांगितलेले असते. विचारणारा बदलला की प्रश्न बदलतो, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

शेगावचे केस आणि पंजाबची माती

२०२४ च्या डिसेंबरपासून शेगाव तालुक्यातील गावांत माणसांचे केस तीनचार दिवसांत गळून टक्कल पडू लागले. अठरा गावांतील २७९ माणसांना हा विकार झाल्याचे नोंदले गेले. त्यांत तरुण मुली होत्या, महाविद्यालयात जाणारी मुले होती. लोक त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. ठरलेले विवाह अडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. परंतु गावकऱ्यांपर्यंत प्रथम पोचलेला ठळक निष्कर्ष एका विद्यापीठाकडून आला नाही. तो आला रायगड जिल्ह्यातील महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्याकडून. विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर ठाऊक असलेल्या या वृद्ध डॉक्टरांनी रक्त, मूत्र, केस व गहू तपासून घेतला आणि स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या गव्हातील सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखविले. स्थानिक गव्हापेक्षा त्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण सहाशे पट निघाले, असे त्यांनी जाहीर केले. तो गहू पंजाबाकडचा असल्याचे सांगण्यात आले. या निष्कर्षावर मतभेद झाले. ते व्हावेत, संशोधनाचा तो धर्मच आहे.

आता दिव्यांचा हिशेब विचारणाऱ्यांनी येथे कान द्यावेत. पंजाबच्या होशियारपूर व नवांशहर भागांतील मातीत सेलेनियम अधिक आहे, हे कसे कळले? लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील माणसांनी अनेक वर्षे ती माती, तो चारा, तेथील आजारी जनावरे तपासली म्हणून कळले. त्या वेळी त्या तरुणांनाही कोणीतरी विचारले असेल की, माती चाळून कोणते दिवे लावणार? शेकडो कोसांवरील बुलढाण्यातील मुलीच्या डोक्यावरील केस का गळले, याचा माग काढावयास त्या मातीचे ज्ञान हाताशी होते. संशोधन असे उपयोगी पडते. ते विहिरीसारखे असते. तहान लागल्यावर खणावयास घेतले तर उशीर झालेला असतो.

आणि आणखी एक गोष्ट. तो गहू कोणी खाल्ला? ज्यांना शिधापत्रिकेवर जगावे लागते, त्यांनी. ज्या धान्यावर गरिबाचे पोट चालते, त्या धान्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा जिल्ह्याजवळ असावी, ही मागणी चैनीची आहे काय? ९ ऑक्टोबर २०२४ रोजी बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्या महाविद्यालयाने औषधे लिहून देणारे डॉक्टर तयार करावेतच. परंतु रोग कोठून आला, असे विचारणारेही तयार करावेत.

भोनचा स्तूप

पूर्णेच्याच खोऱ्यात, संग्रामपूर तालुक्यात, भोन नावाचे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे उत्खनन केले आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी तेथे सापडल्या. मौर्य-सातवाहन काळी या खारपाणपट्ट्यात भरलेले गाव होते, भिक्खू होते, उपासक होते, एवढे त्यावरून स्पष्ट झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आम्ही नागपुरास जो धम्म स्वीकारला तो परका आहे, नवा आहे, असे म्हणणाऱ्यांना आमच्या तालुक्यातील जमिनीनेच उत्तर दिले.

तथापि जिगाव प्रकल्पाच्या धरणाचे पाणी या स्थळावर येण्याचा धोका आहे. धरणाने शेतकऱ्यांस पाणी मिळावे, ही आमचीही इच्छा आहे. आम्हीही त्याच शेतकऱ्यांपैकी व त्यांच्या शेतावर राबणाऱ्यांपैकी आहोत. परंतु पाणी येण्यापूर्वी या स्थळाचा पूर्ण अभ्यास व जतन करणे अशक्य नाही. आणि अभ्यास तरी एकट्या पुरातत्त्वाचा कशाला? त्या कड्यांच्या विहिरींचे पाणी गोड होते काय? दोन हजार वर्षांपूर्वी ही जमीन खारवट होती, की पुढे झाली? त्या जुन्या लोकांस गोड पाणी शोधण्याची एखादी युक्ती ठाऊक होती काय? हा प्रश्न एकट्या इतिहासाच्या विद्यार्थ्यास सुटणार नाही, एकट्या मृदाशास्त्रज्ञासही सुटणार नाही. दोघांनी एका बांधावर बसावे लागेल. असा एक प्रबंध निघाला, तर तो स्तूपासही उपकारक होईल आणि आजच्या तहानेलाही.

बाबासाहेबांनी काय केले?

मोठ्या विद्यापीठाचा उपयोग कसा करावा, याचा धडा आमच्या डोळ्यांपुढे आहे. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. त्यांनी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एकाच खोलीत बसून राहणे पत्करले नाही. समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र यांच्या वर्गांत ते गेले. १९१५ साली प्राचीन भारतातील व्यापारावर त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला आणि ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. १९१८ साली लहान शेतीच्या तुकड्यांवर त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, तो आजही कोरडवाहू बुलढाण्याच्या शेतकऱ्याने वाचावा असा आहे; शेतीचे तुकडे हे दुखणे वरचे, खरे दुखणे शेतीवर बसलेल्या अधिक माणसांचे व उद्योगाच्या अभावाचे, असे त्यांनी त्यात दाखविले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाने लंडनची डी.एस्सी. मिळाली. अस्पृश्य म्हणून जन्मलेला हा विद्यार्थी अस्पृश्यतेवरच लिहीत बसला नाही. देशाचा पैसा, देशाची शेती, प्रांतांचा वित्तकारभार, हे सर्व आपलेच प्रश्न आहेत, असे त्याने मानले.

ही शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले होते. शाहू महाराजांचे व नवल भथेना या मित्राचे साह्य आणि स्वतःची बचत यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा गेले. तीन वर्षे वाया गेली, ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, पैसा थांबला म्हणून. अधिछात्रवृत्ती ही भीक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात ज्या रोहित वेमुलाचा अंत झाला, तोही जीवविज्ञानाकडून समाजविज्ञानाकडे वळलेला संशोधक होता, आणि त्याच्याही अधिछात्रवृत्तीचे पैसे महिनोन्महिने अडकले होते.

आमच्या राज्यात काय घडले? बार्टीची अधिछात्रवृत्ती सर्व पात्र विद्यार्थ्यांस मिळावी म्हणून २०२३ साली संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर उन्हात बसले. ज्यांनी ग्रंथालयात बसावयाचे, ते मैदानात बसले. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी अधिछात्रवृत्तीसाठी चाळणी परीक्षा घेतली गेली, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हाती २०१९ च्या सेट परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका पडली. विद्यार्थ्याने चार ओळी उतरविल्या तर त्यास चौर्य म्हणतात. परीक्षा घेणाऱ्यांनी आख्खी प्रश्नपत्रिका उतरविली, तर त्यास काय म्हणावे?

विद्यापीठातील नवी वेस

आमच्यावर एक आरोप असा केला जातो की, आमची मुले दलित साहित्य, आंबेडकरी विचार व आरक्षण याच विषयांवर प्रबंध लिहितात. त्यात नवीन ते काय? या आरोपात सत्याचा अंश आहे, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. हे विषय थोर आहेत आणि त्यांवर चांगले काम अद्याप पुष्कळ व्हावयाचे आहे. परंतु चिखली, मेहकर, खामगाव येथून आलेला विज्ञानाचा हुशार विद्यार्थी प्रयोगशाळेबाहेर का राहतो? मार्गदर्शकांच्या जागा रिकाम्या आहेत. असलेले मार्गदर्शक ओळखीपाळखीने विद्यार्थी निवडतात. आडनाव वाचून विषय सुचविला जातो. "तुम्ही त्या समाजाचे, तुम्हांस हा विषय सोपा जाईल," असे गोड शब्दांत सांगितले जाते. गावात आमच्यासाठी वेशीबाहेर जागा राखून ठेवलेली होती. विद्यापीठातही तशीच एक आळी आखून दिली जात असेल, तर तो संशोधनातील महारवाडा झाला. आम्ही तो गावात सोडला, येथे तरी का बांधून घ्यावा?

आणि आमच्या तरुणांनाही आम्ही स्पष्ट सांगतो. पदवीच्या नावापुढील दोन अक्षरांसाठी पाच वर्षे घालवू नका. दुसऱ्याच्या प्रबंधातील प्रकरणे फिरवून आपला प्रबंध करू नका. आज शोधगंगा या संग्रहात देशभरचे प्रबंध कोणासही वाचावयास खुले आहेत, आणि तुमचाही प्रबंध तेथे तुमच्या नावावर कायमचा राहणार आहे. तुमच्या आईने ज्या विहिरीचे पाणी शेंदले, त्या विहिरीचा क्षार मोजा. रेशनचा गहू तपासा. लोणारच्या खारावर पूर्वी कोण राबत होते, त्यांस मजुरी किती मिळे, हे शोधा. मूत्रपिंड, माती, मूलद्रव्य, धरण, विमा, कर्ज यांतील एकही विषय परक्याचा नाही.

आमच्या मागण्या

पहिली, अधिछात्रवृत्ती नोंदणीच्या दिवसापासून, दरमहा व पूर्ण मिळावी. मग तो विद्यार्थी बार्टीचा असो, सारथीचा असो, महाज्योतीचा असो. समाजासमाजांत झुंज लावून दोघांचेही पैसे वाचविण्याचा डाव आम्ही ओळखला आहे.

दुसरी, खारपाणपट्ट्याच्या पाण्याचा, जमिनीचा व रोगांचा अभ्यास अमरावती, अकोला व नाशिक या तिन्ही विद्यापीठांनी बुलढाण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयासह एकत्र करावा. कायद्यात आंतरविद्याशाखीय अभ्यासाची विद्याशाखा लिहिलेली आहेच. ती कागदावरून पूर्णेकाठी आणावी.

तिसरी, भोनच्या स्तूपाचा उरलेला अभ्यास व जतन पाणी भरण्यापूर्वी व्हावे.

चौथी, मार्गदर्शकांच्या रिकाम्या जागा भराव्यात व विषयाची निवड विद्यार्थ्याच्या इच्छेने व्हावी, आडनावाने नव्हे.

पाचवी, ज्या गावातून माहिती गोळा केली, त्या गावाच्या ग्रामसभेत प्रबंधाचा सारांश सोप्या मराठीत वाचून दाखविला जावा. ज्याचे रक्त तपासले, त्यास त्याच्या रक्तात काय निघाले ते कळले पाहिजे. हा त्याचा हक्क आहे.

या विद्यापीठास ज्यांचे नाव दिले आहे, ते गाडगे बाबा परटाच्या घरी जन्मले. ते शाळेत शिकलेले नव्हते. हातात खराटा घेऊन ते गावात शिरत, आधी घाण काढीत आणि मग कीर्तनात लोकांस प्रश्न विचारीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, कारण देवळापेक्षा वसतिगृह श्रेष्ठ, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळले होते. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने शेगावच्या, संग्रामपूरच्या, जळगाव जामोदच्या गावात शिरावे आणि लोकांस विचारावे, की तुमचा प्रश्न कोणता? येत्या अधिसभेत व विधिमंडळात आमच्या जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी या पाच मागण्या मांडाव्यात. कोण मांडतो व कोण गप्प बसतो, याची नोंद आम्ही ठेवणार आहोत.